कोणता पाय कुणाचा

भुरी अडली होती. सकाळी दहाला पाण्याची पिशवी फुटली, अकरा वाजून गेले तरी करडू बाहेर यायचं नाव घेईना, आणि उज्वला गोठ्याच्या दारात उभी राहून विचार करत होती.

विचार करणं हे तिचं वर्षभराचं कामच होऊन बसलं होतं. गेल्या हिवाळ्यात भुरीची आई अशीच अडली. उज्वलाने आत हात घातला, हाताला दोन पाय लागले, तिने ते धरून ओढले. पोटात जुळी होती. एक पाय एका करडाचा, दुसरा दुसऱ्याचा. दोघंही एकदम वाटेत येऊन फसली, आणि दिवस मावळायच्या आत आई गेली, दोन्ही करडं गेली. त्या दिवसापासून उज्वला भाकऱ्या थापताना, पाणी भरताना, अंथरुणावर पडल्यावर तेच दोन पाय चाचपत होती. पुढचे होते की मागचे? थोडं थांबले असते तर? डोकं आधी शोधलं असतं तर? मोबाइलवर तिने शेळ्यांच्या बाळंतपणाचे इतके व्हिडिओ पाहिले की डॉक्टरलाही शिकवलं असतं. कधी हात घालायची वेळ आलीच तर म्हणून दर रविवारी नखं काढायची. हात मात्र एकदाही घातला नाही. वाड्यावर वर्षभरात तिघांनी बोलावलं, तिघांनाही तिने अंगात कणकण असल्याचं सांगितलं.

ताम्हिणीच्या वरच्या अंगाला असलेल्या या धनगरवाड्यावर शेळी अडली तर पुरुष हात घालत नाहीत, त्यांचे पंजे रुंद. लहान हाताची बाई बोलवायची, अशी रीत. चाळीस वर्षं ती बाई म्हणजे उज्वलाची सासू तानूबाई. खालच्या गावांतून माणसं तिला न्यायला यायची आणि येता-जाता सांगायची की तानूबाईच्या हातून जीव म्हणून जात नाही. आता संधिवाताने म्हातारीची बोटं वळत नव्हती. ती गोठ्याच्या उंबऱ्याशी पोत्यावर बसली होती आणि तोंडातून शब्द काढत नव्हती. उज्वलाला त्या गप्प बसण्याचाच सगळ्यात जास्त राग येत होता.

तिचा नवरा सिद्धनाथ टेकाडावर रेंज शोधून परत आला. पिरंगुटच्या कंपनीत तो कामाला होता, आज त्याची सुट्टी होती.

"डॉक्टर गाय बघाया गेल्यात. दोन तास लागत्याल म्हनले," तो म्हणाला. "थांबू. घाई नको. मागल्या खेपेला काय झालं ठाव हाय ना?"

ठाऊक होतं. वर्षभर तो तेच सांगत आला होता. कधी जेवताना, कधी पाहुण्यांसमोर, जणू काही तिला विसर पडला असेल.

भुरी कण्हली. मघाशी ओरडत होती, आता नुसती कण्हत होती. तिने मान जमिनीवर टाकली आणि कळ आली तरी पोट जेमतेम हललं. दोन तास. दोन तासांनी डॉक्टर येऊन काय करणार होते, खड्डा कुठे खणायचा ते सांगणार होते? उज्वलाच्या डोक्यात पुन्हा तेच सुरू झालं. जुळी असतील तर? पाय चुकला तर? लोक काय म्हणतील? आणि एकाएकी तिला स्वतःचीच अशी चीड आली की दात करकरले. जनावर डोळ्यांसमोर मरत होतं, आणि ही बाई आपल्या चुकीला मांडीवर घेऊन थोपटत बसली होती.

"गौतमी, ऊन पानी आन," ती म्हणाली. "आनि साबन. गोडं तेल पन आन."

गौतमी ही शेजारची, दिवाळीनंतर लग्न होऊन आलेली सून. ती मघापासून कुडाआड उभी राहून पाहत होती. ती पळाली.

"उज्वला, मी काय म्हनतोय—"

"तुमी डोकं धरा भुरीचं. धरायचं नसंल तर भाईर जा. पन त्वांड बंद ठिवा."

सिद्धनाथ असा पाहत राहिला की जणू कुणी परकीच बाई घरात शिरली आहे. मग मुकाट्याने खाली बसला आणि त्याने शेळीचं डोकं मांडीवर घेतलं.

उज्वलाने कोपरापर्यंत हात धुतला, तेल लावलं आणि बोटं एकत्र करून आत सरकवली. कळ आली तसं मनगट असं आवळलं गेलं की डोळ्यांत पाणी आलं. ती थांबली. कळ ओसरली. हाताला एक खूर लागला. त्याच्या शेजारी दुसरा.

दोन पाय. तेच दोन पाय. 

"आत्या," ती म्हणाली, "कुनाचं हायेत?"

"मला काय ठावं?" तानूबाई पहिल्यांदाच बोलली. "हात तुजा आत हाय. पाय सोडू नगं, त्याच्या अंगानं वर जा. खांदा हुडक, मंग मान हुडक."

उज्वला एका पायावरून बोटं वर नेऊ लागली. गुडघा. खांदा. छाती. तिथून मान, मानेवर डोकं. हा पाय या डोक्याचा. आता दुसरा. त्याच्यावरून वर गेली तर बोटं तिसरीकडेच निघाली, खालच्या अंगाला. हा याचा नव्हे. तिने तो हळूहळू मागे लोटला. कळ आली की थांबायचं, ओसरली की लोटायचं. मग पहिल्याचा दुमडून राहिलेला दुसरा पाय शोधला, खुरावर तळवा ठेवला आणि सरळ केला. एवढ्या वेळात तिच्या डोक्यात एकही विचार आला नाही. यायला जागाच नव्हती.

पहिलं करडू बाहेर आलं ते लुळं. तिने नाकातोंडातला चिकटा काढला, काडीने नाकपुडी डिवचली, फडक्याने छाती चोळचोळ चोळली, श्वास येतोय का पाहिलं. नाही. दुसरं लगेच मागोमाग आलं, शिंकलं आणि थरथरत मान हलवू लागलं. भुरीने डोकं उचलून ते चाटायला सुरुवात केली.

सिद्धनाथ म्हणाला, "एक तरी वाचलं."

"एक तास मी दारात हुबी हुते," उज्वला म्हणाली. "त्या तासात त्ये मेलं. ते कुनामुळं?"

 मग तानूबाईने घसा खाकरला.

"माज्या हातनं पयल्या दोन सालात चार शेळ्या गेल्या हुत्या," ती म्हणाली. "एकीचा तर मी पायच चुकवला हुता. तुज्यावानी."

उज्वलाने रक्ताने माखलेला हात तसाच धरून तिच्याकडे पाहिलं.  मग ती उठून म्हातारीच्या समोर जाऊन उभी राहिली.

"वरीसभर मी जळतीया. तुमी हितंच बसून बघत हुतासा. आनि आज सांगताय?"

"लोकांत नाव हुतं माजं. नाव जाईल म्हून भ्याले."

"तुमच्या नावापायी ह्ये करडू ग्येलं."

तानूबाईने ते नाकारलं नाही. वाकड्या बोटांनी तिने लुगड्याचा पदर सारखा केला आणि उंबऱ्याबाहेर पाहत त्या चार शेळ्या एकेक करून सांगू लागली. "एक पिराजीची काळी. पोटात दोन हुती. एक माज्या मावळनीची बांडी. एक कान्हूकडची, कानावर पांढरा ठिपका हुता. आनि एक आपलीच, तुज्या सासऱ्यानं लई जीवानं वाढवल्याली." चाळीस वर्षांत ती एकही विसरली नव्हती. "पर दुसऱ्या दिशी कुनी बोलवाया आलं तर मी जायाची. भीत भीत जायाची, पर जायाची."

गौतमी ऊन पाण्याचं दुसरं पातेलं घेऊन अंगणातून येत होती. तिचे हात उज्वलाच्याही हातांपेक्षा लहान होते. उज्वलाचा राग अजून तसाच होता, आणि तो ओसरावा असंही तिला वाटत नव्हतं. ती सासूला म्हणाली,

"पुन्यांदा सांगा. मोट्यानं सांगा. तिला ऐकू गेलं न्हाई."