किटलीची आईकडची बाजू

आमच्या बाबांची सगळी नोकरी कारखान्यात माल तपासण्यात गेली. ते निवृत्त झाले, त्यांचा डोळा काही झाला नाही. घरातली कुठलीही वस्तू त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही, आणि एक तरी खोट काढल्याशिवाय ते 'पास' म्हणत नाहीत. त्यामुळे आईने प्रदर्शनासाठी काढलेलं चित्र जेवणाच्या टेबलावर उभं केलं, तेव्हा जास्त काळजी मलाच लागली. साठीत पहिल्यांदा ब्रश हातात धरलेली बाई. बाबांनी नाक मुरडलं असतं तर तिने चित्रकलेचा क्लासच सोडला असता.

चित्र आमच्या चहाच्या किटलीचं. तोटीवरचा काळपट डाग, झाकणाच्या मुठीला गुंडाळलेला दोरा, चकाकत्या अंगावर वाकडी झालेली खिडकी. हात लावला तर चटका बसेल, इतकं हुबेहूब. मला तर आईचा अभिमानच वाटला.

बाबा चष्मा पुसून वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"बाकी ठीक आहे. पण हा पोचा कुठून आणलास? आपल्या किटलीला पोचा नाही."

"आहे," आई म्हणाली.

"अगं, रोज माझ्यासमोर असते ती. मला कळणार नाही?"

आईने वाद घातला नाही. पोचा बुजवायला तिने ब्रश उचलला, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी शेगडीवरची किटली आणून बाबांपुढे ठेवली. गुळगुळीत. ती फिरवली, आणि पोचा दिसला, चित्रात होता अगदी तिथेच. टेबलाशी बसणाऱ्या आम्हा दोघांना तो कधी दिसलाच नव्हता. तो शेगडीशी उभं राहणाऱ्याच्या बाजूला होता.

"कधी पडला हा?" बाबांनी विचारलं.

"तुमच्या ऑपरेशनच्या दिवशी. दवाखान्यातून फोन आला आणि हातातून सुटली. तुम्ही शुद्धीवर आलात, एवढंच सांगायला केला होता त्यांनी."

बाबांनी पोच्यावरून अंगठा फिरवला. मग उठून चित्र शेगडीपाशी नेलं, आई उभी राहते तिथे उभे राहिले आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले.

"एक खोट आहे," ते शेवटी म्हणाले.

आईचा चेहरा उतरला.

"खाली तुझं नाव नाही. ते घाल, त्याशिवाय मी पास करणार नाही."