पाच ग्रॅम वजन

विमानाच्या पोटाचे दोन अर्धे एकमेकांवर दाबून धरत शरणप्पांनी मनातल्या मनात शंभरपर्यंत मोजायला सुरुवात केली. अठ्ठाविसाला शिवबाई स्वयंपाकघरातून आल्या, पदर नाकाला लावून.

"बिडरी आता ते," त्या म्हणाल्या. रागावल्या की 'सोडा आता' हे त्या कानडीत सुनवायच्या आणि उरलेलं मराठीत. "घरभर वास सुटलाय त्या गोंदाचा. भाकरीला पन लागतोय."

"एकोणतीस," शरणप्पा म्हणाले.

"माझे चिमटे कुटं हायत? कपडे वाऱ्यानं खाली गेले सगळे."

चिमटे विमानाला लागले होते. चार बाजूंनी चार, आणि मधोमध शिवबाईंच्या केसांचं रबर. शंभर झाल्यावर शरणप्पांनी हात काढले, चष्मा कपाळावर सारला आणि टेबलावरच्या त्या वीतभरही नसलेल्या करड्या वस्तूकडे पाहत बसले. हात अजून थरथरत होते. पंच्याहत्तरीत थरथरायचेच, पण नेमके कामाच्या वेळी जास्त थरथरतात याचा त्यांना राग यायचा.

किट पुण्याहून राजेश्वरीने पाठवलं होतं, बाबांच्या पंच्याहत्तरीला. प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकवलेले इवले इवले भाग, रंगाच्या चार डब्या आणि खोक्यावर चित्र: विमानवाहू जहाजावरून झेपावणारं लढाऊ विमान. एकाहत्तरच्या युद्धात शरणप्पा ज्या विमानांचे नट आवळायचे, अगदी तेच. लेकीने किती शोधून पाठवलं असेल, हे त्यांना कळलं. तरी ते म्हणाले होते, "खरं हाताळलंय मी. आता खेळण्याशी खेळू का?" आणि खोकं कपाटावर ठेवून दिलं होतं. तिथे ते आठ महिने धूळ खात पडलं.

ते खाली आलं वैरागहून फोन आला तेव्हा. जहाजावरच्या जुन्या जोडीदाराच्या, गंगाधरच्या सुनेचा, इंद्रायणीचा.

"काका, मामांना आता कुणाचीच ओळख लागत नाही. ह्यांना पन पावना समजतात. फक्त जहाजाचं बोलत बसतात दिवसभर. तुमचं नाव घेतात सारखं. एकदा येऊन जाताय का?"

 फोन ठेवल्यावर शरणप्पांनी स्टूल ओढलं, शिवबाई नको नको म्हणत असताना त्यावर चढले आणि खोकं काढलं.

एकवीस वर्षांचा शरणप्पा पाहिलेला माणूस जगात आता एकच उरला होता. आई-वडील गेले, भाऊ गेला. शिवबाई आयुष्यात आल्या तोवर तो पंचविशीचा झाला होता, मिशी ठेवून सोलापूरच्या मिलमध्ये फिटर म्हणून लागला होता. जहाजाच्या पोटातल्या हँगरमध्ये, तेलाने काळाठिक्कर, घामाने निथळत, तीन-तीन दिवस न झोपता काम करणारा तो पोरगा फक्त गंगाधरला ठाऊक होता. गंगाधर विसरला, तर तो पोरगा कुठे राहणार? शरणप्पांना त्याची भीती वाटत होती. मरणाची वाटत नव्हती इतकी वाटत होती. विमान दाखवलं की गंगाधर एकदा तरी 'शरण्या' म्हणेल, एवढंच त्यांना हवं होतं.

दोघे एकाच जिल्ह्यातले, म्हणून जोडी जमली. अक्कलकोटकडच्या शरणप्पाला तेव्हा मराठी धड येत नव्हती आणि वैरागच्या गंगाधरला कानडीतला एक शब्द येत नव्हता. एक शब्द मात्र तो पक्का शिकला. विमानाच्या नाकातल्या तोफा तपासणीला उतरवल्या की पुढचं वजन कमी व्हायचं, आणि जहाज डोललं की विमान शेपटीवर बसू पाहायचं. नियमाप्रमाणे नाकाला वजनं टांगायची. पण युद्धाच्या गडबडीत वजनं शोधायला वेळ कुणाला? गंगाधर सरळ नाकावर चढून बसायचा. शरणप्पा शेपटीखाली आडवा होऊन आकडा तपासायचा, उतरताना डेकवरच्या तारेत अडकून विमानाला थांबवतो तो आकडा. काम संपलं, खालून बाहेर आला, की तो ओरडायचा, "बिडो!" सोड रे! तो शब्द ऐकल्याशिवाय गंगाधर खाली उतरायचा नाही. आधी उतरला असता, तर शेपूट शरणप्पाच्या छातीवर आली असती.

एकदा शरणप्पाला शेपटीखालीच झोप लागली. चांगले दोन तास. जागा होऊन बाहेर आला तर गंगाधर वरच, तसाच. जेवणाची वेळ टळलेली, पाय मुंग्यांनी बधिर.

"हाक मारायची की!" शरणप्पा शरमून म्हणाला होता.

"तीन दिसानं झोपलास," गंगाधर म्हणाला होता. "म्हनलं, झोपू द्यावं."

सोमवारी संध्याकाळी विमान पुरं झालं. पंख लागले, करडा रंग वाळला, शेपटीखाली काडीएवढा आकडाही बसला. तो चिमटीत धरताना शरणप्पांनी श्वास रोखला होता. शेवटी तीन चाकं लावून त्यांनी विमान टेबलावर उभं केलं. विमानाने क्षणभर विचार केला, नाक वर उचललं आणि शेपटीवर बसलं.

त्यांनी पुन्हा उभं केलं. ते पुन्हा बसलं.

शिवबाईंनी खोक्यातला कागद उचलला. तो त्यांनी एवढे दिवस तसाच घडी घातलेला पाहिला होता. शरणप्पांनी उघडलाच नव्हता. खरं विमान उघडून पुन्हा जोडणाऱ्या माणसाने खेळण्याचा कागद काय वाचायचा? शिवबाईंनी तो दिव्याखाली धरला. इंग्रजी त्यांना जेमतेम वाचता यायचं, पण चित्र समजण्यासारखं होतं. दोन अर्धे चिकटवायच्या आधी नाकात एक काळा गोळा दाखवला होता. शेजारी लिहिलं होतं, पाच ग्रॅम.

"वजन घालायचं हुतं म्हनं नाकात," त्या म्हणाल्या. "आधी."

शरणप्पांनी कागद घेऊन ते चित्र पाहिलं. जगात कुणीही विसरलं असतं तरी चाललं असतं, पण ही चूक त्यांची व्हायला नको होती. आता पोट फोडल्याशिवाय वजन आत जाणार नव्हतं, आणि सकाळची वैरागची बस होती. इंद्रायणी म्हणाली होती, मामा सकाळचे जरा बरे असतात.

शिवबाई आत गेल्या आणि काडेपेटी घेऊन आल्या. शेपटीखाली सरकवली. विमान सरळ उभं राहिलं.

"कोन बघतंय खाली वाकून," त्या म्हणाल्या.

बसमध्ये चपलांचं खोकं शरणप्पांच्या मांडीवर होतं, आत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं विमान. शिवबाईंनी दिलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी पायाशी पिशवीत. प्रत्येक खड्ड्याला ते खोकं दोन्ही हातांनी वर उचलायचे. शेजारच्या बाईने विचारलंही, "अंडी हायत का?"

"विमान हाय," शरणप्पा म्हणाले. त्यानंतर ती वैराग येईपर्यंत बोलली नाही.

गंगाधर खिडकीजवळ खुर्चीत बसला होता. दाढी केलेली, स्वच्छ सदरा, केस विंचरलेले. केवढासा झाला होता! 

"मामा, कोन आलंय बघा," इंद्रायणी म्हणाली. "ओळखलंत का?"

गंगाधरने हात जोडले. "या, बसा. कुठल्या गावचं म्हनायचं तुमी?"

"सोलापूरचा."

"सोलापूरकडचा एक हाय आमच्याकडं. शरण्या. लई झोपाळू."

शरणप्पांनी विचारलं, "कुटं असतो तो आता?"

"कुटं म्हंजे? शेपटीखाली," गंगाधर म्हणाला. एवढंही कसं ठाऊक नाही, अशा नजरेने त्याने पाहुण्याकडे पाहिलं.

शरणप्पांनी खोकं उघडलं. टॉवेल सोडवून विमान टेबलावर ठेवलं, काडेपेटी शेपटीखाली सारली. गंगाधर पुढे वाकला. त्याने पंखावरून अंगठा फिरवला, जिथे पंख दुमडतात तिथे थांबला, मग सावकाश शेपटीकडे आला. आकड्याला नख लावून पाहिलं. त्याचा चेहरा बदलत होता. शरणप्पा त्या चेहऱ्याकडे बघत राहिले, पापणी न हलवता.

"हे काय मधीच?" गंगाधरने काडेपेटी ओढून काढली.

शेपूट खाली आली. ती टेबलाला टेकायच्या आत गंगाधरचं बोट विमानाच्या नाकावर होतं. इतक्या चपळाईने हललेला त्याचा हात इंद्रायणीने वर्षभरात पाहिला नव्हता. विमान सरळ झालं. गंगाधर बोट तसंच दाबून खुर्चीत ताठ बसला.

चहा आला. गंगाधरने कपाला हात लावला नाही.

"मामा, बोट काढा. चहा घ्या."

"खुळी का काय तू? शरण्या खाली हाय."

शरणप्पांना राहवलं नाही. ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "गंग्या, अरे मीच शरणप्पा. इकडं बघ की."

गंगाधरने पाहिलं. पांढरे केस, जाड भिंगं, गालांवरच्या सुरकुत्या, सगळं नीट पाहिलं. आणि अनोळखी माणसाचं मन राखावं तसं हसला.

"असाल की. लई असत्यात त्या नावाचे."

 भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. गंगाधरचं बोट थरथरू लागलं होतं, नख पांढरं पडलं होतं. दुसऱ्या हाताने त्याने मनगटाला आधार दिला, पण बोट काढलं नाही. इंद्रायणीने हळूच काडेपेटी पुढे केली, तर त्याने ती कोपराने ढकलून दिली.

शरणप्पा उठले. कुणाला काही न सांगता बाहेर ओट्यावर आले. एक चप्पल पायात घातली. दुसरी घालता घालता थांबले, आणि दाराच्या आडोशाला, आतून दिसणार नाही असे भिंतीला टेकून उभे राहिले.

"बिडो," ते म्हणाले. आवाज घशातच राहिला. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि इंजिनांच्या गलबल्यात ओरडायचे तसे ओरडले, "बिडो!"

समोरच्या घरातली बाई दारात आली. आत टेबलावर प्लॅस्टिकची शेपूट टक्‌ करून टेकली.

"झालं व्हय रे शरण्या?" आतून गंगाधरचा आवाज आला, मोकळा, चेष्टेचा. "किती येळ लावलास!"

शरणप्पांनी डोळे मिटले. "झोप लागली रे, गंग्या."

"ठावं हुतं मला. म्हनलं, झोपू द्यावं."

इंद्रायणी डोळे पुसत दारात आली. आत चला, म्हणून तिने घाईघाईने खूण केली. शरणप्पांनी मान हलवली. एक पाऊल आत टाकलं की ते पुन्हा सोलापूरचे कुणी पाहुणे होणार होते.

"चहा पी आता," आतून गंगाधर म्हणाला. "निवला बग तुजा."

"पितो. तू पी आधी."

इंद्रायणी आत गेली आणि त्यांचा कप घेऊन आली. ओट्यावर दाराकडे पाठ करून बसून, आतून येणाऱ्या प्रत्येक शब्दाला हुंकार देत, शरणप्पांनी तो गार चहा पुरवून पुरवून प्यायला.