क्लोच्या भिंतीतलं भगदाड

सोलेन दिजाँ शहरातून मातीच्या शास्त्राची पदवी घेऊन गावी आली आणि महिनाभर द्राक्षमळ्यांचे नकाशे करत पायी हिंडली. मळे पुष्कळ, पण चहूबाजूंनी दगडी भिंत असेल त्यालाच गाव ‘क्लो’ म्हणतं. असे चारच. त्यातल्या फिर्मँकाकांच्या भिंतीला भगदाड होतं. तिने टेप लावली. एक मीटर नव्वद.

बागायतदारांच्या बैठकीत तिने नकाशा पसरला. ‘‘काका, ही भिंत आहे की कवळी? समोरचेच दात गायब!’’

सगळे खदखदून हसले.

‘‘भिंत पुरी नाही, तर वाइनच्या बाटलीवर क्लो कशाला छापता?’’

‘‘खरं आहे, पोरी,’’ म्हाताऱ्याने टोपी चाचपली. सोलेनचे पपा मात्र टेबलाकडे बघत राहिले.

घरी आल्यावर ते म्हणाले, ‘‘तू शिकायला गेलीस त्या वर्षी आपल्या मळ्याची वाट पुरात वाहून गेली. द्राक्षं वेलींवर तशीच. फिर्मँने स्वतः भिंत पाडली, आपल्या ट्रॅक्टरसाठी. एक मीटर नव्वद.’’

‘‘मग तिथे का नाही बोललात?’’

‘‘तुझी मान खाली जाईल म्हणून. त्याची जाऊ दिली.’’

सकाळी ती फिर्मँकाकांच्या तळघरात गेली. ते स्टुलावर बसून एकेका बाटलीवरचा ‘क्लो’ काळ्या शाईने खोडत होते. त्यांच्या आज्याच्या वेळेपासूनचा शब्द.

‘‘भिंत नाही बुजवलीत?’’

‘‘तुमची तोडणी आठ दिवसांवर आलीय. ट्रॅक्टर कुठून न्याल?’’

तिच्या कानशिलांना चटका बसला. ‘‘फाटक लावा ना, काका. फाटक असलेली भिंत पुरीच धरतात. बाकीच्या तिन्ही क्लोंना आहे.’’

‘‘ठाऊक आहे. पण फाटक माझं झालं असतं. तुझ्या बापाला दर वेळी वाटलं असतं, आपण दुसऱ्याच्या दारातून जातोय.’’

सोलेनला वर बघवेना. ‘‘पुढच्या बैठकीत सगळं सांगते. फाटक आम्ही बसवू.’’

‘‘सांग. पण मोठ्याने. काल आवाज चांगला लागला होता तुझा.’’

तिने एक बाटली मांडीवर घेतली आणि ओल्या फडक्याने शाई पुसू लागली. शाई निघाली नाही. लेबलाचा कागदच सोलपटून आला.