दोन विमानतळांमधला दोरा

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडून आणि त्यांवर नकाशाच्या बारा पट्ट्या चिकटवून मला घडवलं. चिकटवणाऱ्या बाईंचा हात इतका नेमका, की कुठल्याही देशाचा किनारा केसभरही सरकला नाही. ‘याच्यावर खुशाल विश्वास ठेवावा,’ असं त्या म्हणाल्या आणि मी हुरळून गेलो.

पुढे मी विमानाची तिकिटं विकणाऱ्या एका दुकानात आलो. कोणी दूरच्या शहराचं नाव काढलं, की तिकीटवाला माझ्यावर दोन विमानतळांमध्ये दोरा ताणून धरी. दोरा समुद्र सोडून वर बर्फाळ मुलखाकडे वळला, की मुलं चकित होत. ‘अरे, हाच जवळचा रस्ता!’ तो सांगे. मग दोरा पट्टीवर मोजून किलोमीटर आणि तास सांगे. रोज सकाळी तो मला मऊ फडक्याने पुसायचा. मला तो अगदी आपला वाटे.

एके दुपारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. ओढणीला दोऱ्याचे तुकडे तसेच चिकटलेले.

“माझ्या धाकट्या बहिणीचं गुरुवारी सकाळी डोक्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी तिला भेटायचंय. पोचेन ना मी?”

तिकीटवाल्याने दोरा ताणला. “साडेदहा हजार किलोमीटर. चौदा तास, ताई. मंगळवारी रात्री निघा, निवांत पोचाल.”

अंतर खरं होतं. पण चौदा तास थेट विमानाचे, आणि ती तिकिटं समोरच्या दुकानात मिळत. याने विकलेल्या तिकिटाचं विमान दोन ठिकाणी थांबणारं, एका ठिकाणी तर सोळा तास. तिकीट परक्या भाषेत छापलेलं; बाईंना काय कळणार? त्याला सगळं ठाऊक होतं. तरी माझ्या पाठीवर हात ठेवून तो हसत होता.

महिन्याने बाई परत आल्या. त्या पोचल्या तेव्हा बहिणीला आत नेलं होतं. ती वाचली, पण तिची वाचा गेली.

“आत जाताना तीनदा विचारलं म्हणे तिनं, ताई आली का,” त्या म्हणाल्या. “त्यानंतर ती बोललीच नाही.”

तिकीटवाल्याने मान खाली घातली. “काय करणार ताई, हा गोलच जुनाट. त्यानंच घात केला.”

“गोल कुठे बोलला? बोललात तुम्ही,” एवढंच म्हणून त्या निघून गेल्या.

त्याच संध्याकाळी त्याने मला माळ्यावर टाकलं. कागद सुटतोय, धूळ साचतेय, त्याचं मला फारसं वाटत नाही. ज्या हातांनी मला पुसलं, त्याच हातांनी मला खोट्याचा साक्षीदार केलं, ते सलतं.

मित्रांनो, तुम्हाला कोणी ‘किती वेळ लागेल?’ असं विचारलं, तर मधल्या थांब्यांसकट खरं सांगा. पलीकडे कोणीतरी दाराकडे डोळे लावून बसलेलं असतं.