उजव्या कोपऱ्यातलं वाक्य

मित्रांनो, आज मला पाहाल तर कालच दुकानातून आणलाय असं वाटेल. रंगावर जाऊ नका. मी चांगला अठरा वर्षांचा जुना फळा आहे, आणि माझी ही चकाकी हेच माझं दुःख आहे.

दारं बनवून उरलेल्या लाकडातून एका सुताराने मला जोडलं. इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंनी मला आपल्या बाहेरच्या खोलीत, खिडकीसमोर टांगलं. कामावरून सुटलेली मोठी माणसं संध्याकाळी तिथे शिकायला येत. कुणाला परीक्षा द्यायची असे, कुणाला गिऱ्हाइकाशी दोन शब्द नीट बोलायचे असत.

बाईंचा आवडता धडा 'नाही'चा. त्या म्हणत, "नुसतं नॉट म्हणजे धाडकन लावलेलं दार. शेवटी येट लावलं, 'अजून नाही' म्हटलं, की दाराला फट राहते. एनीमोअर लावलं की आतून कडी." वाक्य त्या पांढऱ्या खडूने लिहीत आणि हे चिमुकले शब्द पिवळ्याने. हार्डली लिहिलं की बजावत, "याच्या पोटातच नकार आहे. वर आणखी नॉट घालायचं नाही."

त्यांच्या वर्गाची एक रीत होती. माझ्या खालच्या उजव्या कोपऱ्यात कुणीतरी स्वतःबद्दलचं एक खरं वाक्य लिहायचं, नकाराचं. ते खरं आहे तोवर त्याला फडकं लावायचं नाही. खोटं ठरलं, की ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं. 'मला अजून दुकान मिळालेलं नाही' हे एका शिंप्याचं वाक्य पाच महिने माझ्या अंगावर होतं. ज्या दिवशी त्याने ते आपल्या बाहीने पुसलं, त्या दिवशी धडा झालाच नाही, नुसत्या टाळ्या.

बाईंना आठ वर्षांची मुलगी होती. तोंडाला खळ नाही, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत. दोन दिवस तिच्या अंगात कणकण होती, तरी ती वर्गात येऊन बसली.

"डोळे बघ कसे झालेत. जाऊन पड," बाई म्हणाल्या.

"पण मी दमलेच नाही."

"मग तसं इंग्रजीत लिहून दाखव. चुकलीस तर पलंगावर."

टिटवी स्टुलावर चढली. 'आय ॲम नॉट टायर्ड येट.' शेवटचा शब्द पिवळ्या खडूने. त्याच्या पहिल्या अक्षराचं, वायचं, शेपूट इतकं लांबलं, की माझ्या चौकटीला टेकलं.

"बरोबर?"

"बरोबर. तरी जाऊन पड."

"फसवलंस, आई. पुसायचं नाही हं कुणी."

दोन दिवसांनी तिला इस्पितळात नेलं. अकराव्या दिवशी बाई एकट्याच परत आल्या. त्या स्टुलावर बसून माझ्याकडे बघत राहिल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मलाच म्हणाल्या, "काल म्हणाली, आई, आता दमले गं. घरी गेलं की मीच पुसते."

मित्रांनो, त्यानंतर त्या कोपऱ्यात कुणाचं वाक्य आलं नाही. वर्ग चालू राहिला, बाईंचा हात तेवढ्या जागेला वळसा घालू लागला. जुने विद्यार्थी पांगले, नवे आले. नऊ वर्षांत ती अक्षरं इतकी पुसट झाली, की नवख्याला तो खडूचा डाग वाटे. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, त्यांनाही ती दिसेनात. मग खडू ठेवताना त्या चौकटीवर बोट टेकवत, शेपूट जिथे संपलं होतं तिथेच.

नव्यांमध्ये एक परिचारिका होती आणि एक टॅक्सीवाला. बाईंनी शिकवलं, "'आय डोन्ट रिअली लाइक टी' म्हणजे चहा फारसा आवडत नाही. 'आय रिअली डोन्ट लाइक टी' म्हणजे मुळीच आवडत नाही. रिअली कुठे बसतो ते बघा."

टॅक्सीवाला म्हणाला, "म्हणजे सासूबाईंनी चहा दिला, की पहिलं बोलायचं आणि दुसरं मनात ठेवायचं."

बाई हसल्या. त्या घरात हसू दुर्मीळ झालं होतं, म्हणून ही दोघं मला फार आवडत.

बाई डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बहिणीकडे गेल्या. झाडांना पाणी घालायला किल्ली परिचारिकेकडे होती. टॅक्सीवाला म्हणाला, "सिस्टर, बाईंना आता लख्ख दिसणार, आणि समोर हा असा पांढुरका फळा? आपण त्याला नवा करू." त्याने स्वतःच्या सुट्टीचा दिवस घालवला. आधी ओल्या फडक्याने मला पुसलं, मग पॉलिश पेपरने घासलं. कोपरा सुटेना, तेव्हा जोर लावला. "हा डाग भलताच चिवट आहे," तो म्हणाला, अगदी प्रेमाने. मग काळ्या रंगाचे दोन हात. मला तोंड असतं तर मी त्या दिवशी ओरडलो असतो.

बाई आल्या. दोघं दोन बाजूंना उभी होती, लग्नघरातल्या करवल्यांसारखी. बाईंनी काळा चष्मा काढला. कित्येक वर्षांनी त्यांना तो कोपरा स्वच्छ दिसला, आणि तिथे काहीच नव्हतं.

"आवडला का, बाई?"

बाईंचं बोट चौकटीवर गेलं. मग त्या म्हणाल्या, "छान झालाय. फार मेहनत घेतलीत रे."

सगळे गेल्यावर त्यांनी पिवळा खडू उचलला, कोपऱ्याशी नेला आणि परत ठेवून दिला. तिचं अक्षर त्यांना कसं जमणार?

आजही बाई माझ्यावर लिहितात, पण कोपऱ्याला वळसा घालून. परवा टॅक्सीवाल्याने विचारलं, "बाई, एवढी जागा रिकामी का सोडता?"

"ती अजून रिकामी झालेली नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचा धडा सुरू केला. त्याने मान डोलावली आणि ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. त्याला कुणी काही सांगितलं नाही. सांगूही नये.

मित्रांनो, माझे भाईबंद तुम्हाला सांगतील, आम्हाला पुसत जा, घासत जा, रंगवत जा. माझं मागणं वेगळं आहे. ज्याचं घर, त्याला आधी विचारा. जो डाग चिवटपणे धरून बसलाय, त्याला कुणीतरी जपलेलं असू शकतं.