मांडीवरची तपासणी

पाठीमागे उभ्या असलेल्या सिस्टरने घंटी वाजवली आणि आईच्या मांडीवर बसलेल्या चिमणीने हातातला लाकडी मणी डब्यात टाकला. मग खुळखुळा वाजला. दुसरा मणी पडला.

"बघा," डॉक्टर म्हणाले. "ऐकू येतंय की हिला."

"घरात पाठीमागून हाका मारमारून माझा घसा बसतो, डॉक्टर. ढिम्म हलत नाही."

"मुलं खेळात रमली की असंच करतात, बाई."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कानांचे हे मोठे डॉक्टर नव्या बालदवाखान्यात महिन्यातून एकदाच येत. त्यासाठी शिवणाचं मशीन बंद ठेवायचं, बाकावर ताटकळायचं आणि दर वेळी हेच ऐकून घ्यायचं. चिमणी पाच वर्षांची झाली तरी तिची गाडी चार शब्दांपुढे सरकत नव्हती. साध्या शाळेने हात झटकले होते आणि बहिऱ्या मुलांच्या वर्गात डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेत नव्हते. नवऱ्याचं तर वेगळंच. म्हणे, रेडिओ लावला की पोरगी धावत येते, बहिरी कशी असेल? ती रेडिओतला दिवा बघायला यायची, हे त्या शहाण्याला कोण सांगणार!

"पुन्हा एकदा घ्या," ती म्हणाली.

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "शेवटचं हं."

आईने नेहमीसारखे दोन्ही हात चिमणीच्या पोटाभोवती घेतले आणि कान टवकारले. मागे घंटी किणकिणली. तिची बोटं नकळत आवळली गेली. मणी पडला.

तिने आपल्या बोटांकडे पाहिलं.

खुळखुळा वाजला. बोटं पुन्हा आवळली आणि पुन्हा मणी पडला. इतके महिने पोर या बोटांवरच खेळत होती.

ती उठली, चिमणीला खुर्चीत एकटीला बसवलं आणि मागे सिस्टरच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"वाजवा आता."

घंटी वाजली. चिमणी मणी धरून डब्याकडे बघत राहिली. खुळखुळा वाजला. तिने हात मागे नेऊन आईला चाचपडलं. हाताला खुर्चीची पाठ लागली. मग सिस्टरने ढोलकं असं बडवलं की बाहेर बाकावर एक तान्हं मूल दचकून रडायला लागलं. चिमणीच्या हातातला मणी हातातच राहिला.

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"तुमचं बरोबर होतं, बाई," ते म्हणाले. "वर्गाचं मी आजच सांगतो."

हेच तर तिला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. तिने सिस्टरचा हात धरला.

"आणखी एकदा वाजवा ना," ती म्हणाली. "जरा जोरात."