पानफुटीत मांडलेला कोश

छापखान्यात तिला सगळे पानंवाली म्हणत. लेखकाचा मजकूर आणि चित्रकाराची चित्रं पानावर नीट बसवायची, कुठे किती जागा मोकळी सोडायची ते ठरवायचं, हे तिचं काम. पूर्वी ती एका जाहिरात कंपनीत होती. कंपनी बुडाली तेव्हा तिने स्वयंपाकघर आणि बाल्कनी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत टेबल टाकलं आणि घरूनच पुस्तकांची कामं घ्यायला लागली.

कंपनीत जे सॉफ्टवेअर होतं ते तिला झेपणारं नव्हतं. ते आता विकतही मिळत नसे. महिन्याच्या महिन्याला भाडं भरायचं, भाडं थांबलं की आपल्याच फायली आपल्याला परक्या. ओळखीपाळखीच्या बहुतेकांनी चोरटी प्रत मिळवली होती. तिला ते पटेना. शोधता शोधता तिला पानफुटी सापडलं. कोणीही घ्यावं, वापरावं, जमत असेल तर आत डोकावून दुरुस्तही करावं, असं ते फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर होतं. ते बनवणारा माणूस इंटरनेटवर स्वतःला ‘खार’ म्हणवून घेई. दिसायला ते ओबडधोबड होतं, मधूनच रुसायचं, पण जोडाक्षरं अशी काही बसवायचं की भाड्याच्या सॉफ्टवेअरने मान खाली घालावी.

शिकायला तिला वर्ष गेलं. मग मात्र ती त्यात इतकी रुळली की नव्या लोकांच्या अडचणी तीच सोडवायला लागली. तिचा नवरा बस डेपोत वेळापत्रकं लावायचा आणि त्याला चेष्टेची भारी हौस. ती संध्याकाळी कुणा अनोळखी माणसाला चित्राची कड कशी कापायची ते लिहून कळवत बसली, की तो दारातून विचारायचा, “धर्मशाळेत आज किती पाहुणे?” ती हसून सोडून द्यायची. तिची पुस्तकं निघत होती, छापखान्याचीही तक्रार नव्हती.

मग कोशाचं काम आलं. लहान मुलांसाठी जाडजूड सचित्र शब्दकोश. प्रकाशक म्हातारे होते, सगळे त्यांना काका म्हणत. आयुष्यभर त्यांनी गणिताच्या मार्गदर्शिका छापल्या होत्या आणि जाण्याआधी एक तरी देखणं पुस्तक काढायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. तिनेही जीव ओतला. प्रत्येक अक्षराचं पहिलं पान वेगळं, चित्र पानाबाहेर डोकावणारं, मजकूर त्याला वळसा घालून जाणारा. दोन वर्षं घरात दुसरा विषय नव्हता. नवरा भाजी निवडताना शब्दांचे अर्थ वाचून दाखवायचा आणि ती चुका धरायची.

शेवटची काही पानं उरली असताना तिचा जुना कॉम्प्युटर जळाला. फायली वेगळ्या डिस्कवर होत्या, त्यामुळे ती फारशी घाबरली नाही. नवा कॉम्प्युटर घेतला, त्यावर पानफुटीची नवी आवृत्ती चढवली, सगळी पानं उघडली, एकेक तपासून पुन्हा साठवली. पडद्यावर सारं जिथल्या तिथे होतं. छपाईची फाईल करून तिने छापखान्याला पाठवली आणि त्या दिवशी दोघं बाहेर जेवायला गेली.

छापखान्याने नमुन्याची पानं काढली, तेव्हा मशीनवाल्याने तिला बोलावून घेतलं. त्याने पानं पुढे सरकवली. रफार सरकले होते. पडद्यावर दिसणारा ‘पर्वत’ कागदावर ‘पवर्त’ झाला होता. ‘सूर्यफूल’चं ‘सूयर्फूल’. ‘वर्ग’चा रफार तर शब्द सोडून पुढच्या कोऱ्या जागेत लोंबकळत होता. पानामागून पान. मुलांना शुद्ध शब्द शिकवणारा कोश होता तो.

आधी तिला वाटलं, एखादं बटण चुकलं असेल. तिने होती नव्हती ती सगळी बटणं दाबून पाहिली. मग भंगार बाजारातून जुना कॉम्प्युटर आणून त्यावर पानफुटीची जुनी आवृत्ती चढवली. ती चालली, पण तीत कोशाची पानं उघडेनात; ती नव्या आवृत्तीत साठवलेली होती ना. आधीच्या प्रती होत्या त्या अर्ध्याकच्च्या. भाड्याचं सॉफ्टवेअर महिनाभरासाठी घेऊन पाहिलं, त्यालाही पानफुटीच्या फायली ओळखता येईनात. म्हणजे पहिल्या पानापासून सगळं नव्याने मांडायचं. काकांनी ऐकून घेतलं आणि शाळा सुरू व्हायच्या आत पुस्तक दुकानात हवं, एवढंच पुन्हा सांगितलं.

उरला तो खार. त्याला लिहिलेल्या पत्रांना उत्तर येईना. शेवटी पानफुटी वापरणाऱ्या एका जुन्या माणसाने खरं नाव आणि पत्ता शोधून दिला. बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावरचं गाव होतं. नवरा रजा टाकून बरोबर आला.

खार म्हणजे कोणी चपळ, सडपातळ माणूस असेल असं तिने धरलं होतं. निघाला तो चांगला दांडगा, टक्कल पडत चाललेला, मेहुण्याच्या फरशीच्या दुकानात विक्रीला उभा राहणारा. तिने ओळख सांगितल्यावर त्याचा चेहराच उतरला. वसुलीला कोणी आलं असावं तसा तो मागे सरला. नवऱ्याने फरशांच्या किमती विचारायला सुरुवात केली तेव्हा कुठे तो जरा सैल झाला. त्याने त्यांना घरी नेलं.

घरात आई होती, अंथरुणाला खिळलेली. तिच्या खोलीचं दार उघडं ठेवून तो बाहेर बोलत बसला. पानफुटी त्याने कॉलेजात असताना, आपल्या लिपीची अक्षरं कुठेच धड जुळत नाहीत म्हणून चिडून लिहिलं होतं. त्यावर त्याने कधी दमडी मिळवली नाही. आधी लोक कौतुक करत, मग मागण्या करत, मग शिव्या देत. सकाळी उठून टपाल उघडावं तर अनोळखी माणसं त्याला आळशी म्हणत असायची. दोनेक वर्षांपूर्वी त्याने ते टपाल उघडणंच बंद केलं होतं.

तिने नमुन्याची पानं त्याच्यासमोर पसरली. त्याने बराच वेळ ती पाहिली. त्यातल्या चुकांआधी त्याला पानंच दिसली असावीत.

“माझ्या पानफुटीत केलंत हे?” तो म्हणाला. “मला नव्हतं वाटलं ह्यात इतकं होत असेल.”

त्या दिवशी आणि पुढचे तीन रविवार तो त्या चुकीच्या मागे लागला. ती फोनवर कुठे काय तुटतंय ते सांगायची, तो करून बघायचा. स्वतःच लिहिलेलं त्याला आता उलगडेना. मधेच म्हणायचा, हे कुठल्या गाढवाने लिहिलंय, आणि गाढव तोच निघायचा. एकदा तर दोघं हसलीसुद्धा. तिसऱ्या रविवारी त्याचा फोन जेवणाच्या वेळेला आला.

“ताई, नाही होणार,” तो म्हणाला. “चूक माझ्या लिखाणात असती तर रात्रंदिवस बसून काढली असती. अक्षरं कागदावर उतरवायचं काम माझं नव्हतंच, ते मी दुसऱ्या कोणाच्या फुकटच्या कामावर टेकवलं होतं. त्याने ते सगळं बदललंय, आणि तोही आता कोणाला उत्तर देत नाही. माझं घर दुसऱ्याच्या जमिनीवर होतं. जमीन सरकली.”

“मग काय करायचं?”

“पानफुटी पायापासून नव्याने लिहायला हवं. दोन वर्षं तरी. आईला उठवायचं, बसवायचं, भरवायचं, त्यातून दुकान. खरं सांगू? वेळ असता तरी मी नसतं लिहिलं आता.”

त्याच्यावर रागवावं असं तिला फार वाटलं. पण कशावरून रागवणार? त्याने तिला काही विकलं नव्हतं, कसला शब्द दिला नव्हता. ती ठीक आहे म्हणाली, आईची चौकशी केली आणि फोन ठेवून दिला. नवऱ्याने ताटावर झाकण ठेवलं होतं. त्या दिवशी त्याने चेष्टा केली नाही, आणि तिला ते जास्त लागलं.

काकांनी काम एका मोठ्या स्टुडिओला दिलं. हे सांगायला ते जिना चढून स्वतः आले, धापा टाकत. “पोरी, माझ्या हातात वेळ असता तर थांबलो असतो,” म्हणाले. तिने पाणी दिलं, सगळी चित्रं आणि मजकूर डिस्कवर भरून त्यांच्या हातात ठेवला. स्टुडिओत दहाबारा पोरं भाड्याच्या सॉफ्टवेअरवर बसली आणि त्यांनी कोश बघता बघता मांडून टाकला. मजकूर सरळ चौकोनात, चित्रं सरळ चौकोनात. रफार सगळे जागच्या जागी. शाळा सुरू व्हायच्या आत कोश दुकानात लागला आणि बरा खपलाही. कोणाला काही खटकलं नाही. वळसे घालणारी पानं कोणी पाहिलीच नव्हती, तर खटकणार काय?

तिने त्याच स्टुडिओत नोकरीसाठी विचारून पाहिलं. मालकीण वयाने तिच्याहून लहान होती, बोलायला गोड. तिने चाचणी म्हणून एक साधं पान मांडायला दिलं. पानंवालीचे हात चुकीच्या जागी जात राहिले. इतकी वर्षं ज्या कळा दाबून काम उरकायचं, त्या इथे भलतंच काही करत होत्या. शेजारच्या मुलीने तेच पान करून दुसरं घेतलं होतं. मालकीण म्हणाली, सराव झाला की या, आम्ही आहोतच. घरी आल्यावर तिने महिनाभर सराव केला. भाड्याचा महिना संपला, दुसरा भरला नाही.

पुढे खारने पानफुटी इंटरनेटवरून काढून टाकलं. आणखी कोणी फसू नये म्हणून, असं त्याने एका ओळीत कळवलं होतं. तिला ते वाचून बरं वाटायला हवं होतं.

सध्या ती डेपोजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात बसते. अर्ज टाईप करून देते, ओळखपत्रांचे फोटो कापते. परवा तिथेच एका जुन्या लेखकाचा फोन आला. तिने पूर्वी केलेलं त्याचं प्रवासाचं पुस्तक पुन्हा छापायचं होतं. फार काही नाही, अर्पणपत्रिकेत एकच शब्द बदलायचा होता. त्याची बायको वारली होती, तिच्या नावाआधी ‘कै.’ घालायचं होतं.

“दोन मिनिटांचं काम आहे ना?” त्याने विचारलं.

मागे मशीन घरघरत होतं, गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवत होतं. फाईल तिच्याकडे होती, पण जुनी आवृत्ती चालवणारा भंगारातला कॉम्प्युटर कधीच बंद पडला होता आणि नव्यावरून छापलं की रफार सरकायचे.

“ते पुस्तक आता माझ्याकडे नाहीये,” ती म्हणाली, आणि गिऱ्हाईकाला किती प्रती हव्यात ते विचारलं.